वनस्पती तेलातल्या मेदाम्लांपासून सुधारित साबण: मुंबईतल्या छोट्या उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी किंवा बचत गटात साबण, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड बनवणाऱ्या मंडळींकडून आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

साबण हाही सरफॅक्टंटच ना? मग त्यात सुधारायचं काय?

हो, सरफॅक्टंटच, म्हणजे तेलकट मळ सोडवून पाण्याबरोबर नेणारा पदार्थ. तेलातल्या मेदाम्लाची, म्हणजे फॅटी ॲसिडची, कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की त्याचा सोडियमचा क्षार होतो, तोच साबण. या रेणूला कार्बनांची लांब शेपटी असते, ती तेलात शिरते. दुसऱ्या टोकाचं डोकं पाण्याला धरून राहतं. पाण्यात असे पुरेसे रेणू जमले की त्यांचे गोळे होतात, शेपट्या आत आणि डोकी बाहेर. या गोळ्यांना मायसेल म्हणतात. मळातलं तेल त्यांच्या पोटात जातं आणि पाण्याबरोबर निघून जातं.

शेपटीत फारसं सुधारण्यासारखं नाही. ती नारळाने, पामने, एरंडाने तयार करून दिलेली आहे आणि जिवाणू ती सहज खातात. अडचण डोक्यात आहे. साबणाचं कार्बोक्झिलेट डोकं आम्लापुढे टिकत नाही आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमपुढेही टिकत नाही. आम्ल भेटलं की साबणाचं परत मेदाम्ल होतं आणि कॅल्शियम भेटलं की न विरघळणारा चिकट साका होतो. म्हणून सुधारणा करणाऱ्यांनी शेपटी तीच ठेवली आणि डोकं बदललं. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ यातच आहे.

माझा साबण दादरला मस्त फेस देतो. तोच साबण विरारला बहिणीकडे नेला तर फेसच नाही, उलट बादलीला पांढरा थर. साबण बिघडला का?

साबण ठीक आहे, पाणी वेगळं आहे. मुंबई महापालिकेचं पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या सात तलावांतून येतं. पावसाचं साठलेलं पाणी असल्यामुळे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असतं, ते मऊ असतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी जमिनीतून वर आलेलं असतं. खडकातले क्षार त्यात उतरलेले असतात. असं पाणी म्हणजे जड पाणी, शाळेच्या पुस्तकात त्यालाच दुष्फेन पाणी म्हटलेलं असतं.

याचा हिशोब एकदा कागदावर करून बघाच. पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतात. कॅल्शियमचा एक अणू साबणाचे दोन रेणू अडकवतो. वजनात मांडलं तर १ ग्रॅम जडपणा सुमारे ६ ग्रॅम शुद्ध साबण फुकट घालवतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅम जडपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरच्या पाण्यात ३०० आहे. २० लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम जडपणा झाला, म्हणजे त्या बादलीतलं सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम अडवायला ३६ ग्रॅम साबण लागणार. शंभर ग्रॅमच्या वडीचा तिसरा हिस्सा फेस येण्याआधीच संपला! आणि तो नुसता वाया जात नाही. तो साका होऊन कपड्यांत, केसांत आणि मोरीच्या फरशीवर बसतो.

म्हणून माझा आग्रह असतो की कृती ठरवण्याआधी गिऱ्हाईक कुठलं पाणी वापरतं हे विचारा. माहीम-परळच्या चाळीत विकायचा साबण आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत विकायचा साबण एकच असून भागत नाही.

पाण्याचा जडपणा घरच्या घरी कसा तपासू?

दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत तुमचं पाणी, सारख्याच मापाने. दोन्हींत साध्या साबणाचा चिमूटभर कीस टाका आणि सारख्याच जोराने हलवा. फेसातला फरक आणि पाण्याचा गढूळपणा डोळ्यांना दिसतो. यासाठी साबण खरा हवा, सिंडेट बार (साबणाऐवजी दुसऱ्या सरफॅक्टंटची वडी) घेतला तर काहीच कळणार नाही. आकडा हवा असेल तर कुर्ल्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत माशांच्या टाकीसाठी हार्डनेसचं थेंबांचं किट मिळतं, ते या कामाला पुरेसं आहे.

कोणत्या तेलातून कोणतं मेदाम्ल मिळतं? आणि त्याने फरक काय पडतो?

खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक ॲसिड असतं, १२ कार्बनांचं. त्याखालोखाल १४ कार्बनांचं मायरिस्टिक. पाम कर्नल तेलही बरंचसं तसंच. १२-१४ कार्बनांची शेपटी फेसाला सर्वांत अनुकूल, कारण ती पाण्यात लवकर विरघळते आणि तेलही चांगलं पकडते. जगभरातल्या शाम्पू-हँडवॉशची मदार याच लांबीवर आहे.

पाम तेलातलं पामिटिक १६ कार्बनांचं आणि स्टीअरिक १८ कार्बनांचं. यांनी वडी कडक होते आणि फेस दाट, पण थोडा येतो. गार पाण्यात सोडियम स्टीअरेट जवळजवळ विरघळतच नाही. आपल्या कोकम तेलात स्टीअरिक भरपूर असतं, म्हणून ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहतं. कोकणातल्या गटांनी ते थोड्या प्रमाणात वडीत घालून बघण्यासारखं आहे.

एरंडेलाची गोष्टच वेगळी. त्यातलं सुमारे ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक आहे आणि त्याच्या शेपटीवर मध्येच एक हायड्रॉक्सिल गट बसलेला आहे. त्यामुळे त्याचा साबण पाण्यात फार लवकर विरघळतो आणि दुसऱ्या तेलांचा फेस टिकवून धरतो. एकूण तेलाच्या ५ ते १० टक्के पुरे. जास्त घातलं तर वडी चिकट आणि मऊ होते.

सोयाबीन, सूर्यफूल, करडई यांत असंपृक्त मेदाम्लं जास्त. साबण मऊ होतो, काही महिन्यांत खवट वास येतो, वडीवर केशरी डाग पडतात. ही तेलं एकूण तेलाच्या १५ टक्क्यांच्या आत ठेवा.

खोबरेलाच्या साबणाची आणखी एक गंमत सांगते. तो समुद्राच्या पाण्यातही थोडाफार फेस देतो, म्हणून जहाजांवर खलाशी तो वापरत. मिठामुळे इतर साबण पाण्यातून वेगळे पडतात, लॉरिकचा साबण बराच तग धरतो. जड पाण्यातला कॅल्शियम मात्र त्यालाही सोडत नाही.

नारळापासूनचं लॉरिक ॲसिड पामच्या लॉरिकपेक्षा सौम्य असतं का?

नाही. शुद्ध केल्यावर रेणू एकच. फरक पडतो तो शेतीत, जंगलात आणि दरात.

ताई, साबणात लिंबू किंवा सायट्रिक ॲसिड घालून पीएच ५.५ करता येईल का? त्वचेचा पीएच तेवढाच असतो म्हणे.

त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो हे खरं आणि साबणाचा ९ ते १० असतो हेही खरं. पण साबण ५.५ वर आणता येत नाही. तिथे येईपर्यंत तो साबणच उरत नाही, त्याचं मेदाम्ल होऊन वर तेलकट थर येतो. ज्यांनी 'पीएच ५.५ चा नैसर्गिक हँडमेड साबण' असं छापलंय, त्यांनी एकतर पीएच मोजलेला नाही किंवा तो साबण नाही, सिंडेट आहे.

सायट्रिक ॲसिडचा उपयोग वेगळ्या कारणासाठी जरूर करा. कॉस्टिकच्या पाण्यात ते घातलं की त्याचं सोडियम सायट्रेट होतं आणि सायट्रेट कॅल्शियमला काही प्रमाणात धरून ठेवतं, त्यामुळे साका कमी होतो. १ किलो तेलाला १० ते २० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं. लक्षात ठेवा, हे ॲसिड स्वतः कॉस्टिक खातं. दर ग्रॅम सायट्रिकला ०.६२ ग्रॅम कॉस्टिक वाढवावं लागतं, नाहीतर वडीत तेल मोकळं राहील. जड पाण्याच्या भागात विकणाऱ्यांना मी हा बदल सर्वांत आधी सुचवते, कारण खर्च किरकोळ आणि फरक पहिल्याच धुण्यात दिसतो.

सिंडेट बार कशाचा असतो? एससीआय म्हणजे नेमकं काय?

सोडियम कोकोइल आयसेथिओनेट. खोबरेलाचं मेदाम्ल घ्यायचं आणि त्याला सोडियम आयसेथिओनेट जोडायचं. डोकं आता सल्फोनेटचं, म्हणजे गंधक असलेल्या गटाचं, झालं. सल्फोनेटला कॅल्शियमचं विशेष काही वाटत नाही आणि सौम्य आम्लातही ते आपला विद्युतभार सोडत नाही. म्हणून या बारचा पीएच ५.५ ते ७ ठेवता येतो आणि जड पाण्यात साका होत नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत या कुळातली रसायनं कापडधंद्यासाठी आली आणि १९५७ मध्ये अमेरिकेत डव्ह बाजारात आला तेव्हा ती न्हाणीघरात पोचली.

कारखान्यात मेदाम्ल आणि आयसेथिओनेट २०० अंशांच्या वर तापवतात, झिंक ऑक्साइडसारखा उत्प्रेरक घालतात, हवा लागू देत नाहीत आणि तयार होणारं पाणी सतत काढत राहतात. पाणी राहिलं तर प्रक्रिया उलटी फिरते. तापमान जास्त झालं तर माल पिवळा पडतो आणि वास येतो. एवढा सगळा खटाटोप असल्यामुळे दर साबणापेक्षा चढा असतो.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. आयसेथिओनेटचा भाग बहुधा इथिलीन ऑक्साइडपासून येतो आणि तो बहुतेक ठिकाणी खनिज तेलाचा असतो. म्हणजे शेपटी झाडाची, डोकं नाही. दुसरं, डोकं आणि शेपटी यांना जोडणारा दुवा एस्टरचा आहे. अल्कलीत तो तुटतो. साबणाच्या मिश्रणात, धुण्याच्या सोड्यात किंवा कॉस्टिक असलेल्या कशातही एससीआय मिसळू नका, पैसे पाण्यात जातील.

ग्लुटामेट आणि ग्लायसिनेटवाले फेसवॉश इतके महाग का असतात? त्यात खरंच काही वेगळं आहे?

आहे. इथे मेदाम्लाला अमिनो ॲसिड जोडलेलं असतं. ग्लुटामिक ॲसिड तर साखर किंवा मळी आंबवून बनवतात, म्हणजे डोकंही शेतातलंच. दुवा अमाइडचा, तो एस्टरपेक्षा घट्ट. त्वचेवर फार सौम्य, धुतल्यावर ओढल्यासारखं वाटत नाही. लहान मुलांसाठी किंवा ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात त्यांच्यासाठी काही करायचं असेल, तर माझी पहिली पसंती याच गटाला.

महाग पडतं ते जोडकामामुळे. मेदाम्ल आपणहून अमिनो ॲसिडला चिकटत नाही. आधी त्याचं ॲसिड क्लोराइड करावं लागतं, त्यासाठी थायोनिल क्लोराइडसारखी जहाल रसायनं वापरतात, मग अल्कलीत अमिनो ॲसिडशी जोड होते आणि शेवटी बरंच मीठ उरतं. ते मीठ काढण्याचा खर्च वेगळा. क्लोराइडशिवाय हीच जोड करता आली तर खूप काही बदलेल आणि त्या दिशेने जगभर काम चालू आहे.

बनवताना येणारी अडचण म्हणजे ग्लुटामेटचं लिक्विड मीठ घालून दाट होत नाही. शाम्पूची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं. झॅन्थन गमसारखा दाटपणा देणारा पदार्थ वापरा.

संपूर्ण वनस्पतीजन्य असं काही आहे की नाही?

अल्किल पॉलिग्लुकोसाइड. बाजारात डिसाइल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड या नावांनी मिळतं. मेदाम्लापासून केलेलं फॅटी अल्कोहोल आणि मका किंवा गव्हाच्या स्टार्चमधलं ग्लुकोज, एवढंच. साखरेला अल्कोहोल जोडण्याची पद्धत एमिल फिशर यांनी १८९३ मध्ये दाखवली, मोठ्या प्रमाणावरचा धंदा मात्र १९९० च्या दशकात उभा राहिला. त्याच्या डोक्यावर विद्युतभारच नाही, त्यामुळे कॅल्शियमला धरायला काही सापडत नाही. भांड्यांच्या लिक्विडसाठी छान. कॅनमधून येतं तेव्हा त्याचा पीएच ११-१२ असतो, सायट्रिक ॲसिडने खाली आणल्याशिवाय हाताला लावू नका.

यीस्ट किंवा जिवाणूंना साखर आणि तेल खायला घालून केलेले सोफोरोलिपिड, रॅम्नोलिपिडही आता व्यापारात आले आहेत. उत्तम आहेत, पण छोट्या उत्पादकाच्या खिशाला अजून परवडत नाहीत.

फ्युरानचा नवा सरफॅक्टंट निघालाय असं वाचलं. तो काय आहे?

याबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉल डॉवनहावर यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओलिओ-फ्युरान सरफॅक्टंट प्रसिद्ध केले. तेलातलं मेदाम्ल घेतलं आणि फ्युरान नावाच्या छोट्या कड्याला जोडलं. त्या कड्याच्या दुसऱ्या बाजूला सल्फोनेटचं डोकं बसवलं. फ्युरान मिळतं ते फरफुरालपासून आणि फरफुराल निघतं मक्याच्या कणसाची बुरकुंडं, उसाचं चिपाड अशा शेतातल्या उरलेल्या मालातून. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत चिपाडाचे डोंगर असतात आणि ते बहुतेक बॉयलरमध्ये जातं. त्यातला थोडा वाटा या वाटेने वळला तर काय होईल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

यात नवीन काय? एससीआयचा दुवा एस्टरचा असल्याने अल्कलीत तुटतो. इथे शेपटी आणि कडं यांची जोड कार्बन-कार्बनची आहे, ती पाण्याने किंवा अल्कलीने तुटत नाही. दुसरं म्हणजे जड पाण्यात हे रेणू नेहमीच्या सरफॅक्टंटपेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम सहन करतात आणि तरी विरघळलेले राहतात. आजच्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियम बांधून ठेवायला वेगळी रसायनं घालावी लागतात, तो भारच यामुळे हलका होऊ शकतो. तिसरं, शेपटीची लांबी आणि कड्याशेजारची रचना बदलून हवे ते गुण साधता येतात. कड्यालगतचा ऑक्सिजन काढायचा की ठेवायचा यावरून गार पाण्यातली विद्राव्यता आणि फेस बदलतो.

शेपटी जोडण्यासाठी त्यांनी झिओलाइट जातीचा घन उत्प्रेरक वापरून दाखवला, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. घन उत्प्रेरक गाळून परत वापरता येतो, आम्लाचा चिखल मागे उरत नाही. हेच संशोधन पुढे नेण्यासाठी सिरोनिक्स नावाची कंपनीही निघाली. मशीद बंदरला हे मागायला जाऊ नका, तिथे सध्या मिळणार नाही.

यातलं काही घरी बनवता येईल का? यूट्यूबवर सल्फोनेशन दाखवतात.

नाही, आणि कृपा करून प्रयत्नही करू नका. सल्फर ट्रायऑक्साइड, थायोनिल क्लोराइड, इथिलीन ऑक्साइड ही चाळीच्या खोलीत किंवा गाळ्यात हाताळायची रसायनं नाहीत. तेल फोडून मेदाम्ल काढायलाही कारखान्यात सुमारे २५० अंश तापमान आणि ५० पट वातावरणदाब लागतो, फॅटी अल्कोहोलसाठी हायड्रोजन २०० पट दाबाने सोडतात. छोट्या उत्पादकाचं काम तयार सरफॅक्टंट नीट निवडून मिसळण्याचं आहे. त्यातही भरपूर कौशल्य लागतं.

मग आमच्या गटाने सुरुवात कशाने करावी?

आधी सायट्रेट घातलेला खोबरेल-पाम-एरंडेल साबण. तो सहा महिने न बिघडता विकता आला की सिंडेट बार. त्याचा ढोबळ ठोकताळा १०० भागांत असा: एससीआय पावडर ५०, स्टीअरिक ॲसिड १८, सेटिल अल्कोहोल ५, कोकोबीटेन १५, मक्याचं पीठ १०, बाकी सुगंध आणि रंग. बीटेन आणि एससीआय डबल बॉयलरवर ७५-८० अंशांना लगद्यासारखं होईपर्यंत मळायचं, वितळवलेलं स्टीअरिक आणि सेटिल घालायचं, मग पीठ. साच्यात दाबून बसवायचं. १ भाग बार ९ भाग डिस्टिल्ड पाण्यात कालवून पीएच बघा, ५.५ ते ६.५ यायला हवा.

एससीआयची पावडर हवेत उडते आणि नाका-घशाला झोंबते. मास्क लावल्याशिवाय पोतं उघडायचं नाही, पंखा बंद ठेवायचा, मुलांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही. कॉस्टिकच्या वेळी चष्मा आणि हातमोजे हवेतच. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही.

कोकोबीटेन निवडताना स्वस्तावर जाऊ नका. ते खोबरेलाच्या मेदाम्लापासूनच करतात, पण अर्धवट राहिलेली अमाइन त्यात उरली तर काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ मध्ये त्याला 'वर्षाचं ॲलर्जेन' ठरवलं होतं.

ॲसिड स्लरी वापरून डिटर्जंट करतो. ती वनस्पतीची आहे का?

नाही. ॲसिड स्लरी म्हणजे लिनिअर अल्किल बेन्झीन सल्फोनिक ॲसिड, केरोसीनमधले पॅराफिन आणि बेन्झीन यांपासूनचं. काम चोख करते आणि स्वस्त आहे, त्यामुळे एका दिवसात ती सोडा असं मी कुणाला सांगत नाही. वनस्पतीकडे वळायचं असेल तर मिथाइल एस्टर सल्फोनेट बघा. पामच्या १६ कार्बनांच्या मेदाम्लापासून होतं, जड पाण्यात चांगलं टिकतं. फार अल्कली असलेल्या पावडरीत ते साठवणीत हळूहळू तुटतं, तेवढं सांभाळा.

एसएलईएसच्या ड्रमवर 'नारळापासून' लिहिलंय. खरं आहे?

अर्धं खरं. एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, शाम्पू-हँडवॉशमधला नेहमीचा सरफॅक्टंट. शेपटी नारळ किंवा पाम कर्नलची. मधले इथॉक्सी दुवे इथिलीन ऑक्साइडचे. त्या पायरीत १,४-डायॉक्सेन नावाची नकोशी अशुद्धी सूक्ष्म प्रमाणात तयार होते, चांगले उत्पादक ती निर्वातात काढून टाकतात. विक्रेत्याकडे तिचा आकडा मागा.

टीएफएम कमी असेल तर साबण वाईट समजायचा का?

टीएफएम म्हणजे टोटल फॅटी मॅटर, वडीतल्या एकूण मेदाम्लाचं प्रमाण. टॉयलेट सोपच्या भारतीय मानकात पहिल्या श्रेणीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७० आणि तिसरीला ६० टक्के टीएफएम लागतं. साबणांची आपसांत तुलना करायला हे माप योग्य आहे. ४० टक्क्यांचा 'बेदिंग बार' ७६ वाल्याच्या शेजारी त्याच भावात ठेवलेला असेल तर गिऱ्हाइकाला ते कळायला हवं. सिंडेट बारला मात्र हे माप लावू नका, त्यात साबणच नसतो.

हे सगळं सोडून रिठा-शिकेकाई का नको?

जरूर वापरा, केसांसाठी आणि रेशमी कपड्यांसाठी ती आजही उत्तम आहेत. त्यांतलं फेस देणारं द्रव्य सॅपोनिन, ते मेदाम्लाचं नाही. जड पाण्यात साका होत नाही हा मोठा गुण. डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं आणि काढा दोन-तीन दिवसांत आंबतो, त्यामुळे बाटलीत भरून विकायचं तर टिकवणारं द्रव्य घालावंच लागतं.

वडापावच्या गाडीवरचं वापरलेलं तेल स्वस्तात मिळतं. त्याचा साबण करू का?

फरशी, मोरी, गाडीची चाकं धुवायला चालेल. अंगाला नको. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात ऑक्सिजनने बिघडलेले रेणू साठतात, वास आणि रंग जात नाही, आणि दर खेपेला मोकळं ॲसिड वेगळं असल्याने कॉस्टिकचा हिशोब जुळत नाही. पोलर घटक, म्हणजे तापून बिघडलेले रेणू, २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते तेल तळायला वापरू नये असा एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) २०१८ पासूनचा नियम आहे. असं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे जाणं जास्त बरं.

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या वड्यांना घाम येतो. काय चुकतं?

काही चुकत नाही. हाताने केलेल्या साबणात ग्लिसरीन तसंच राहतं आणि ते मुंबईच्या पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतं. वड्या पुऱ्या सुकल्यावर लगेच गुंडाळा, बंद डब्यात ठेवा. मे महिन्यात केलेला माल गणपतीत विकायचा असेल तर उघड्या रॅकवर ठेवू नका.

हे पाणी शेवटी नाल्यात जातं. वनस्पतीचं असेल तर त्रास होत नाही ना?

मूळ कुठलं यापेक्षा रेणूची बांधणी कशी आहे यावर ते ठरतं. सरळ शेपटी जिवाणू टोकापासून खात जातात. १९५० च्या दशकात फांद्या असलेल्या शेपटीचे डिटर्जंट निघाले होते, त्यांनी युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे थर आणले, कारण जिवाणूंना ती शेपटी तोडता येईना. कायदे झाले आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत उद्योग सरळ शेपटीकडे वळला.

मुंबईसाठी आणखी एक गोष्ट बघायला हवी. ॲसिड स्लरीचा रेणू हवा खेळत्या पाण्यात लवकर मोडतो, पण नाल्याच्या तळाच्या काळ्या गाळात प्राणवायू नसतो आणि तिथे तो तसाच साठून राहतो. साबण, फॅटी अल्कोहोलचे सल्फेट, ग्लुकोसाइड हे प्राणवायूशिवायही मोडतात. ज्या शहराचं इतकं सांडपाणी नाल्यांतून खाडीत जातं तिथे हा फरक मला फार मोलाचा वाटतो. विक्रेत्याला 'ओईसीडी ३०१' चाचणीचा निकाल विचारा. २८ दिवसांत ६० टक्क्यांहून जास्त विघटन दाखवणाराच माल घ्या. आणि फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज गिऱ्हाइकाशी बोलून दूर करा, म्हणजे निम्म्या मालात काम होतं.

वनस्पती तेलाचा साबण ही परदेशातून आलेली कल्पना आहे का?

मुंबईला तरी तसं म्हणता येणार नाही. जनावराच्या चरबीचा साबण सर्रास चालत होता तेव्हा, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास, कुलपं बनवणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. स्वदेशीचे ते दिवस होते आणि चरबी नसलेला साबण हवा असणारी माणसं घरोघर होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, तीच आज माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. तिथे तेलं, ओलिओकेमिकल्स आणि सरफॅक्टंट यांचा वेगळा विभाग आहे. मुलांना या विषयात पुढे जायचं असेल तर एवढ्या जवळ दुसरी चांगली जागा नाही. नवी मुंबईतली गॅलेक्सी सरफॅक्टंट्स आज अमिनो ॲसिडवाले सौम्य सरफॅक्टंटही बनवते, म्हणजे वर सांगितलेला बराचसा माल आपल्या शेजारीच तयार होतो.

कच्चा माल कुठून घेऊ? विक्रेत्याला काय विचारू?

मशीद बंदर, वडगादी आणि प्रिन्सेस स्ट्रीटला बहुतेक सगळं मिळतं. सुटा माल घेताना बॅच नंबर असलेलं तपासणीपत्र मागा. त्यात सक्रिय घटकाचं प्रमाण, मोकळं मेदाम्ल, पीएच आणि रंग हे चार आकडे बघा. सक्रिय घटकाशिवाय दराची तुलना करण्यात अर्थ नाही, ३० टक्क्यांचं लिक्विड ७० टक्क्यांच्या पेस्टपेक्षा स्वस्त वाटतं आणि प्रत्यक्षात महाग पडतं. तपासणीपत्र नाही म्हणणाऱ्याकडून अंगाला लावायच्या वस्तूसाठी माल घेऊ नका.

विकायला परवाना लागतो का? आणि लेबलवर 'केमिकल फ्री' लिहू का?

अंगाचा साबण, शाम्पू, फेसवॉश ही सौंदर्यप्रसाधनं आहेत. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे कॉस्मेटिक्स नियम त्यांना लागू होतात. उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. स्वतःचं युनिट परवडत नसेल तर परवाना असलेल्या उत्पादकाकडून माल बनवून घेता येतो. प्रदर्शनात चार वड्या विकायच्या असल्या तरी आधी तिथे चौकशी करा.

'केमिकल फ्री' लिहू नका. खोबरेल तेलही रसायनच आहे. त्यापेक्षा घटकांची पूर्ण यादी, पीएच आणि 'बोअरच्या पाण्यात चालतो' किंवा 'मऊ पाण्यासाठी' एवढं छापा. बोअरच्या पाण्यावर तपासलं असेल तर किती जडपणाच्या पाण्यात तपासलं तो आकडाही द्या.